पर्यायी मार्ग

१२ ते १८ ऑक्टोबर २००८ या आठवड्यात पुण्यात राष्ट्रकुल युवा क्रीडा स्पर्धा झाल्या. ७१ देशांची पोरं बालेवाडीला आली, ९ खेळ खेळली आणि पदकं घेऊन आपापल्या घरी गेली. त्यांचा आठवडा मजेत गेला असणार. आमचा पावसाळा गेला.

त्याचं असं झालं, की बालेवाडीचं क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभं राहिलं तेव्हा ते पुण्याबाहेर होतं. पेठेतला माणूस तिकडे निघाला तर दशम्या बांधून निघायचा. चौदा वर्षांत मधली शेतं गेली, इमारती आल्या, पलीकडे हिंजवडीत कंपन्या आल्या, फक्त बाणेरचा रस्ता होता तेवढाच राहिला. लोहगावच्या विमानतळावर उतरलेला पाहुणा अख्खं शहर ओलांडून तिकडे जाणार, तेव्हा रस्ता करायलाच हवा, याबद्दल कुणाचं दुमत नव्हतं. काम सुरू झालं, खडीचे ढीग पडले, जेसीबी आले. आणि एका सकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिवळ्या पत्र्याची पाटी उगवली. काळा जाड बाण, आणि खाली ‘पर्यायी मार्ग’.

आमचे चेअरमन निवृत्त इंजिनिअर. ते टेप घेऊन खाली उतरले. “गल्ली अठरा फूट. बस आठ फूट. समोरून दुसरी आली की सोळा. उरले दोन. त्या दोन फुटांत तुमची स्कूटर आहे.” मी स्कूटर जिन्याखाली घेतली. तिथे आधीच सगळ्यांच्या स्कूटर होत्या.

पहिल्या दिवशी गल्लीतून काय काय गेलं! हिंजवडीच्या कंपन्यांच्या बसगाड्या, सिक्स सीटर, मुरमाचे डंपर, स्कार्फ बांधून फक्त डोळे शिल्लक ठेवलेल्या मुली, आणि ज्या रस्त्याच्या कामामुळे हे सगळं चाललं होतं त्याच कामाचा रोडरोलर. रोडरोलर गल्लीतून जाताना भांडी मांडणीवरून खाली येतात, ही माहिती आता आमच्याकडे आहे. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन मामा आयुष्यभर खुर्चीवर बसलेले. त्यांनी शिट्टी मिळवली आणि भर चौकात उभे राहून वाहतूक अधिकच अडवली. चेहऱ्यावर मात्र असं तेज, की त्यांना बाजूला व्हा म्हणायचा धीर कुणाला होईना.

पाटीचा खांब सिमेंट भरलेल्या डांबराच्या पिंपात रोवलेला होता. म्हणजे फिरवता येत होता. हे कुणाच्या लक्षात आलं ते मी सांगणार नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तो गल्लीत चिमण्या ऐकू येत होत्या. बाण मागच्या गल्लीकडे वळला होता. चेअरमन गॅलरीत निवांत पेपर वाचत होते आणि त्यांच्या पायजम्याला सिमेंट लागलं होतं.

मागची गल्लीही पुण्यातलीच. तिसऱ्या दिवशी बाण परत आमच्याकडे. पुढे हे रोजचंच झालं. रात्री उशिरा दोन्ही गल्ल्यांतले ज्येष्ठ नागरिक ‘जेवणानंतर शतपावली’ करायला बाहेर पडत आणि पिंपाजवळ एकमेकांना भेटून मोठ्या अदबीनं हवापाण्यावर बोलत. पिंपाकडे कुणी बघायचं नाही. जो आधी झोपायला जाईल त्याच्याकडे सकाळी वाहतूक. खरं सांगायचं तर क्रीडावृत्ती म्हणतात ती मी त्या वर्षी फक्त तिथेच पाहिली.

तेवढ्यात गणपती आले. मांडव नेहमीच्या जागी, म्हणजे गल्लीतच. वाहतूक वळवल्यामुळे गणपती हलवायचा, ही सूचना सोसायटीच्या इतिहासात कुणी मांडलेली नव्हती, ती तेव्हाही मांडली गेली नाही. संध्याकाळी आरती सुरू झाली आणि बस मांडवाला चिकटून अडकली. खिडक्या बरोबर देवाच्या उंचीला. प्रवाशांना घरी जायची आशा उरली नव्हती, त्यांनी टाळ्या धरल्या. ‘युगें अठ्ठावीस’ला उभ्या प्रवाशांनी असा काही सूर लावला, की आमच्या बेसूर मंडळींची लाज झाकली गेली. तळमजल्यावरच्या काकूंना भरून आलं. त्यांनी आरतीचं तबक खिडकीतून आत दिलं. ते सीटवरून सीटवर मागे गेलं. इकडे ‘घालीन लोटांगण’ सुरू झालं आणि कंडक्टरनं भक्तिभावानं ठेका धरायला घंटीची दोरी ओढली. टण् टण्. दोन घंटा म्हणजे काय ते ड्रायव्हरला नोकरीत शिकवलेलं असतं. नेमकी पुढची गाडीही हलली. त्यानं बस काढली.

काकूंचं चांदीचं निरांजन पेटलेल्या अवस्थेत बालेवाडीकडे निघून गेलं. ज्योत घेऊन धावण्याची पद्धत ऑलिंपिकला असते असं ऐकून होतो. मामा शिट्टी वाजवत पाठीमागे पळाले, पण ते धावपटू नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तीच बस त्याच जागी अडकली. कंडक्टरनं खिडकीतून तबक बाहेर दिलं. निरांजन घासलेलं, आणि तबकात बरीच चिल्लर. “शेवटच्या स्टॉपपर्यंत सगळ्यांनी आरती घेतली, काकू,” तो म्हणाला. काकूंनी बसभर मोदक वाटले. त्यानंतर आमच्या आरतीची वेळ बसच्या वेळेवर ठरू लागली.

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी स्पर्धा सुरू झाल्या. रस्ता काळाभोर, दुभाजकावर रंग, कुंड्यांत झाडं. जागोजागी स्पर्धांचा शुभंकर, जिगर नावाचा वाघ हसत होता. दिल्लीत २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांना यायच्या शेराचा हा धाकटा भाऊ. पाटी आणि पिंप रातोरात गायब झाले. गल्ली इतकी शांत झाली, की चेअरमनना झोप येईना. चार मैलांवरच्या स्पर्धा त्यांनी टीव्हीवर पाहिल्या. सायना नेहवालनं बॅडमिंटनचं सुवर्ण घेतलं, आपल्या राहुल आवारेनं कुस्तीचं घेतलं, भारत पदकतालिकेत पहिला आला. चेअरमन टाळ्या वाजवत होते, पण मधूनच गॅलरीत जाऊन कोपऱ्याकडे बघून येत होते.

दिवाळीच्या सुमारास मी स्टेशनवरून रिक्षानं घरी येत होतो. नवा गुळगुळीत रस्ता समोर असताना रिक्षावाल्यानं गाडी आमच्या गल्लीत घातली.

“शॉर्टकट आहे, साहेब. मोठ्या रस्त्याला सिग्नल लागतो. सगळे आता इकडूनच जातात.”

मागे एक बस होती, तिच्यामागे टेम्पो. आमची बिल्डिंग आली तशी मी म्हटलं, “बास, इथंच थांबवा.”

त्यानं आरशात बघितलं, रिक्षा जराही हळू न करता पुढे नेली आणि मला मागच्या गल्लीत उतरवलं.

“तिथं नाही थांबता येत, साहेब. वाहता रस्ता आहे तो.”