एक हात तपकिरी

टाकी पाझरतेय असं सांगत कुणी केबिनमध्ये आलं तर साहेब, आधी त्याला खुर्ची द्या, मग चहा मागवा आणि चहा येईतो रंगाऱ्याला फोन लावा. हा उपाय माझा नव्हे, बोस्टनचा आहे. 1915 साली तिथल्या दाट वस्तीत मोलॅसिसची, म्हणजे आपल्याकडच्या मळीची, 50 फूट उंच टाकी उभी राहिली. जोडांतून मळी ठिबकायची आणि शेजारची पोरं डबे भरून घरी न्यायची. कंपनीने टाकीला तपकिरी रंग दिला. मळी तपकिरी, टाकीही तपकिरी. ओघळ दिसेनासे झाले. एकही प्लेट न बदलता दोष घालवायची याहून स्वस्त पद्धत मला तरी माहीत नाही.

तेव्हा रंगाची छटा निवडताना टाकीत काय भरणार ते आधी बघा. सौंदर्यदृष्टी नंतर.

पाण्याची चाचणी हा दुसरा नाहक खर्च. नवी टाकी पाण्याने भरून ठेवायची, जोड आणि पाया बघायचा, मग ते पाणी सोडायचं कुठे याची चिंता करायची. बोस्टनच्या टाकीत फक्त सहा इंच पाणी भरलं होतं. कामावर देखरेख करणारे आर्थर जेल कंपनीचे खजिनदार होते, त्यांना नकाशे वाचता येत नव्हते. पण सहा इंच पाण्याचं बिल किती येतं हे त्यांना नक्की कळत असणार. पुढे पेनसिल्व्हेनियात फ्लोरेफला चाळीसेक वर्षांच्या जुन्या प्लेटा जोडून 48 फुटी डिझेलची टाकी उभारली, तिची चाचणी झाली पाच फूट पाण्यावर. सात दशकांत सहा इंचांवरून पाच फुटांवर! प्रगती नाही म्हणू नका.

तरीही जाडी मोजायला कुणी अल्ट्रासोनिक गेज घेऊन आलाच, तर त्याला रंग खरवडू देऊ नका. यात खरी गंमत आहे. गेज आवाज आत पाठवतं, तो परत यायला लागलेला वेळ मोजतं आणि पोलादातला वेग धरून त्याची जाडी सांगतं. रंगात आवाज निम्म्याहूनही हळू चालतो. त्यामुळे 300 मायक्रॉनचा रंग साध्या गेजला पाऊण मिलिमीटर पोलादाएवढा भासतो. गंजाने खाल्लेलं पोलाद एपॉक्सी रंगाने भरून दिलं! मात्र एखादा चोखंदळ पोरगा ‘इको-टू-इको’ मोड लावतो. त्यात रंग हिशोबातून वगळला जातो आणि नको तो आकडा समोर येतो. अशा पोराला पुढच्या वेळी गेट पास मिळणार नाही एवढं बघा.

रीडिंग छातीच्या उंचीवरच घ्यायला लावा. वरच्या प्लेटांसाठी परांची लागते, परांचीसाठी पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, लागते, पीओसाठी तुमची सही लागते. कशाला?

वेल्डमधल्या भेगा शोधणारी डीपी, म्हणजे डाय पेनेट्रंट, टेस्टही करून घ्या, पण रंगावरून. लाल डाय फासा, दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा डेव्हलपर मारा. डाय उघड्या भेगेतच शिरतो आणि भेग तर रंगाखाली झाकलेली. पांढरंशुभ्र. फोटो काढून रिपोर्टच्या पहिल्या पानावर लावा.

हॉलिडे टेस्टचं नाव ऐकून अकाउंट्सवाले सुट्टीचा खर्च आहे समजून कागद परत पाठवतात. त्यांना तसंच समजू द्या. ‘हॉलिडे’ म्हणजे टाकीच्या अस्तराला राहून गेलेलं टाचणीएवढं भोक; या टेस्टचं यंत्र ते चिर्र करून दाखवतं. जाड अस्तरावर तर ठिणगीच पडते. एक भोक सापडलं की दुरुस्ती, पुन्हा क्युअरिंग, पुन्हा चिर्र. त्यापेक्षा डीएफटी, म्हणजे वाळलेल्या रंगाची जाडी, घ्या: मायक्रॉनचा आकडा भरघोस येतो आणि भोकाबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

उरला तळ. टाक्यांच्या तपासणीचं अमेरिकन मानक एपीआय 653 हे या धंद्याचं सोवळं. त्यात म्हटलंय, खाली गळती अडवणारं काही नसेल तर पुढच्या तपासणीपर्यंत तळाची प्लेट अडीच मिलिमीटरच्या खाली जाता कामा नये. ते कळायला टाकी रिकामी करा, गाळ उपसा, गॅस मोजा, तळ घासा, मग गंज शोधणारी चुंबकाची गाडी पट्ट्यापट्ट्याने फिरवा. गंज तर बहुतेकदा मातीच्या बाजूने लागलेला. जो भाग तुम्हीही पाहिला नाही आणि ऑडिटरही पाहणार नाही, त्याची लाज कसली?

एवढं पथ्य पाळून काही झालंच, तर दोष कुणाचा ते आधी ठरलेलं असावं. 15 जानेवारी 1919 ला बोस्टनची टाकी फुटली, मळीची 25 फूट लाट गल्ल्यांतून धावली, 21 माणसं मेली. कंपनीने कोर्टात सांगितलं, अराजकवाद्यांनी बॉम्ब ठेवला. वर्षानुवर्षं सुनावणी चालली, ते काही पटलं नाही आणि सहा लाखांहून जास्त डॉलर मोजावे लागले. फ्लोरेफची टाकी 2 जानेवारी 1988 ला पहिल्यांदाच भरताना फाटली. साडेसात लाख गॅलनच्या आसपास डिझेल मोनोंगहेला नदीत गेलं. जुन्या प्लेटेतला दोष वेल्डजवळच होता, तोही गंजलेला. तुमच्याकडे अराजकवादी नसतील, तर रात्रपाळीचा ऑपरेटर असेलच. कंत्राटी असला तर उत्तम.

आणि हो, रंगकाम आटोपलं की टाकीवर ‘पुढील तपासणी’ची तारीख घालावी लागते. ती खडूने घाला. जूनच्या पहिल्या आठवड्यात.