रविवारी बस का नाही?

"इटलीत सिएना शहरात मुक्काम ठेवा आणि रोज एकेक गाव करा" असं सगळे सांगतात, पण रविवारी यातल्या कित्येक गावांना बसच नसते हे कोणी का सांगत नाही?? त्यातलंच पिएन्झा, सिएनापासून जेमतेम पन्नास किमी. स्टॉपवरचा टाइमटेबलचा कागद उन्हाने पिवळा पडलेला, अक्षर मुंगीएवढं, आपल्याला हवी ती वेळ सापडली की त्याच्यापुढे एक बारीकशी खूण, आणि खाली वाचलं की कळतं ही बस फक्त शाळा चालू असताना. म्हणजे तिथल्या शाळांना सुट्टी असते त्या ऐन ऑगस्टमध्ये नाही! तिकीट तंबाखूच्या दुकानात मिळतं आणि ते दुपारी बंद. ट्रेनचं म्हणाल तर मोन्तेपुल्चानोचं स्टेशन गावापासून दहाएक किमी लांब, खाली दरीत, पुढे परत बसच शोधा. वर लोक म्हणतात गाडी भाड्याने घ्या, अरे पण जुन्या गावठाणात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. रविवारी सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एवढ्या दोनच बस सोडा ना, गावातल्या म्हाताऱ्या माणसांनाही त्याच लागतात.