समोर कोणी आहे का?

विंडोजवर गिट बॅश (युनिक्ससारखे आदेश लिहायची खिडकी) उघडून 'पायथॉन' लिहावं, एंटर मारावा, आणि कर्सरने खालच्या ओळीवर जाऊन नुसतं लुकलुकत बसावं. तीन बाणांचा प्रॉम्प्ट नाही, आवृत्तीचा आकडा नाही, काही चुकल्याचा साधा निरोपही नाही. अशा वेळी मी पुन्हा एंटर मारतो. मग जरा जोरात मारतो, कारण बटणाला कमी ऐकू येत असावं अशी माझी आतून खात्री असते.

अडकलेलं मात्र काहीच नसतं. ही खिडकी म्हणजे मिनटीटी, युनिक्स वळणाची. तिने उभं केलेलं आभासी टर्मिनल बॅश (आदेश चालवणारा), ग्रेप (मजकुरात शोधणारा) या घरच्या मंडळींना टर्मिनल वाटतं. विंडोजच्या अस्सल एक्झीला, म्हणजे खास विंडोजसाठी बनवलेल्या प्रोग्रामला, तोच साधा पाइप दिसतो, एका प्रोग्रामचं बोलणं दुसऱ्याकडे नेणारी नळी. पायथॉन येताक्षणी विचारतो, 'समोर टर्मिनल आहे का?' उत्तर मिळतं, 'नाही.' मग प्रॉम्प्ट दाखवायचा कोणाला? आपण लिहू ते त्याला फाइल वाटते, आणि ती संपेपर्यंत तो मुकाट ऐकत राहतो. 'डॅश आय' देऊन उठवला, तर समोर कोणी नसतानाही बोलतो.

सीमध्ये लिहिलेले प्रोग्राम याहून चिक्कू. पाइप दिसला की प्रिंटएफने छापायचे शब्द बफर नावाच्या तात्पुरत्या कोठारात साठतात, बहुधा ४०९६ बाइट भरेपर्यंत. ओळ संपली म्हणून दयामाया नाही. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीकडे लाइन बफरिंग (ओळ संपली की सोडणं) मागितलं तरी पदरात फुल बफरिंगच (कोठार भरल्यावर सोडणं) पडतं. चुकांचे निरोप नेणारा स्टडएरर तेवढा बफरशिवाय धावतो. त्यामुळे 'फाइल उघडता आली नाही' ही बोंब आधी, आणि 'फाइल उघडतोय' ही घोषणा मागाहून. कंटाळून कंट्रोल-सी दाबलं तर साठवलेलंही बुडालं. इथे बफरिंग बदलून देणाऱ्या स्टडबफ या आदेशाच्या नादी लागू नये: तो युनिक्सच्या सी लायब्ररीत शिरून काम करतो, आणि एक्झी ती लायब्ररी वापरतच नाही. सोर्स हाताशी असेल तर बफर लगेच रिकामा करणारा एफफ्लश घालावा, पायथॉनला बफरिंग बंद करणारं 'डॅश यू' द्यावं.

विनपीटीवाय हा मधला दुभाषा. तो पडद्याआड खरा कन्सोल उघडतो आणि तिथलं मिनटीटीत आणून ओततो. खूश होऊन आपण 'पायथॉन' लिहिलं की त्याच्यामार्फतच चालावं असा एलियस (टोपणनाव) करून ठेवतो, आणि पुढे कधीतरी पायथॉनचा आउटपुट ग्रेपकडे वळवला की उत्तर येतं: 'स्टडआउट इज नॉट अ टीटीवाय', आउटपुटच्या टोकाला टर्मिनल नाही. म्हणजे आधी टर्मिनल नाही म्हणून गप्प, आता टर्मिनल नाही म्हणून भांडण! विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून कॉनपीटीवाय हे विंडोजचं स्वतःचं आभासी टर्मिनल आलं आणि विंडोजवर युनिक्सची हत्यारं चालवणाऱ्या सिगविनने ३.१ पासून ते वापरायला घेतलं, तेव्हापासून हा छळ बराच ओसरला.

मराठी छापणाऱ्यांना वेगळा प्रसाद. पायथॉन ३.६ पासून कन्सोलवर देवनागरी थेट युनिकोडमध्ये जाते, सगळं देखणं. तोच आउटपुट पाइपमध्ये घातला की समोर कन्सोल नाही म्हणून तो सिस्टिमच्या कोडपेजकडे, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्याकडे, वळतो. ते १२५२, म्हणजे देवनागरी नसलेलं, असेल तर पहिल्याच 'न'ला युनिकोडएन्कोडएरर. 'पायथॉनयूटीएफ८' हा व्हेरिएबल १ केला की सुटतं. मी तो कायमचाच लावून ठेवायच्या मताचा आहे.

डब्ल्यूएसएलमधल्या, म्हणजे विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधल्या, बॅशने एखाद्या एक्झीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलं, तर गंमत शेवटच्या अक्षरात असते. बॅश न्यूलाइन काढून टाकतो, पण त्याआधीचा कॅरेज रिटर्न, कर्सरला ओळीच्या सुरुवातीला नेणारं अदृश्य अक्षर, तसाच चिकटून राहतो. दिसायला सारखेच दोन शब्द 'सारखे नाहीत' म्हणून इफ अडून बसतो. उत्तर चौकोनी कंसात इको करून पाहावं: कर्सर ओळीच्या सुरुवातीला परततो आणि बंद होणारा कंस उघडणाऱ्या कंसाच्या डोक्यावर बसतो. आणखी पुरावा हवा असेल तर ते मजकूर दाखवणाऱ्या कॅटला 'डॅश कॅपिटल ए' देऊन दाखवावं. ओळीच्या शेवटी, डॉलरच्या अलीकडे, टोपी काढून शेजारी ठेवलेला एम (^M) उभा असतो. त्याला अक्षरं गाळणाऱ्या टीआरच्या 'डॅश डी'ने घालवावं.