‘चौथ्या पिढीपर्यंतचा शाप’: त्या मेसेजला माझं उत्तर

मंगळवारी रात्री सव्वाअकराला धाकट्या बहिणीचा फोन आला. ती कोपरखैरण्याला असते, मी ठाण्याला. एवढ्या रात्री फोन म्हणजे पोराला काहीतरी झालं, असं धरून मी चपला शोधायला लागलो होतो. पण पोरगा झोपला होता. तिने विचारलं, "दादा, आपल्या आजोबांनी नक्की काय केलं होतं रे?"

कोणते आजोबा, कसलं काय! मग तिने तो मेसेज पाठवला. आमच्या चर्चच्या मंडळीतल्याच एका मावशींकडून तिला आला होता, त्यांना त्यांच्या जावेकडून. लिहिणाऱ्याचं नाव नाही. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या फोनवर असेल, नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. आदामाचं पाप रक्तातून उतरतं, म्हणून प्रत्येक मूल दोषी जन्मतं. पूर्वजांचं पाप चौथ्या पिढीपर्यंत छळतं, आणि मूल न बोलणं, न चालणं, गर्भ न टिकणं ही त्याची खूण. पापाचं मूळ बाई, कारण सफरचंद हव्वेने खाल्लं. दारू, मारहाण ही माणसाची कामं नव्हेत, त्याच्यात शिरलेल्या आत्म्यांची आहेत. उपाय म्हणून एकवीस दिवस उपास करावा, तेवढ्या काळात ‘जगाच्या डॉक्टरांवर भरवसा ठेवू नये’, आणि खालच्या नंबरवर २१०० रुपयांचं ‘बीज’ पेरावं, म्हणजे देणगी पाठवावी.

माझा भाचा साडेचार वर्षांचा आहे. बोलत नाही. गेल्या वर्षी ऑटिझमचं निदान झालं. दर बुधवारी वाशीला त्याची स्पीच थेरपी असते. फोनवर बोलता बोलता कळलं, गेले दोन बुधवार ती त्याला घेऊन गेलेलीच नाही.

तेव्हा शांतपणे, समतोलपणे वगैरे लिहिणं मला आज जमणार नाही.

सफरचंदाचं आधी उरकून टाकतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात, फक्त ‘फळ’ आहे. सफरचंद युरोपच्या चित्रांतून आपल्या संडे स्कूलच्या तक्त्यांवर आलं. हव्वेने आपल्याबरोबरच्या नवऱ्यालाही दिलं आणि त्यानेही खाल्लं, हे त्याच अध्यायाच्या सहाव्या वचनात आहे. देवाने जाब विचारल्यावर आदाम म्हणतो, तू दिलेल्या बाईने मला दिलं. बाई म्हणते, सापाने भुलवलं. दोघांची सबब चालली नाही, दोघांना वेगवेगळा जाब द्यावा लागला. मेसेजवाल्याने आदामाची तीच सबब उचलून सिद्धांत म्हणून पुढे ढकलली आहे.

आत्म्यांचा मुद्दाही तसाच. येशूने भुतं काढल्याच्या गोष्टी शुभवर्तमानांत आहेत, त्या मी नाकारत नाही. पण जक्कय जकातदार होता, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. त्याच्यातून कुणी ‘जकातीचा आत्मा’ काढला नाही. तो स्वतः उभा राहिला आणि म्हणाला, ज्याचं लबाडीने घेतलं त्याला चौपट परत देतो. आणखी मागे जा, पुन्हा उत्पत्तीत. तिसऱ्या अध्यायात ‘पाप’ हा शब्दच नाही, तो पहिल्यांदा येतो चौथ्यात, काइनाच्या गोष्टीत. भावाला मारण्याआधी देव काइनाला बजावतो की पाप दाराशी दबा धरून बसलंय, तू त्याला ताब्यात ठेव. हा काइन आदामाचा सख्खा थोरला मुलगा. रक्तातच सगळं ठरून आलेलं असतं, तर त्याला हे सांगण्यात काय अर्थ होता? बायकोवर हात उचलणाऱ्या एखाद्याला मात्र हा मेसेज वाचून केवढं हलकं वाटलं असेल.

आता चौथी पिढी.

आधार म्हणून मेसेजमध्ये बायबलच्या निर्गम पुस्तकातलं २०:५ दिलंय. ते वचन आहे, खोटं नाही. माझा द्वेष करणाऱ्या बापांच्या अन्यायाबद्दल मी मुलांना तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शासन करतो, असं दहा आज्ञांमध्येच येतं. लगेच पुढचं वचन हजारो पिढ्यांवरच्या दयेचं आहे. ते मेसेजमधून गळालं, कसं गळालं ते तुम्हीच समजा. आणि थोडं मान्यही करतो. बापाचं केलेलं पोरांना भोगावं लागतं, हे कळायला शास्त्र लागत नाही. आमचेच आजोबा प्यायचे. नगर जिल्ह्यातली दोन एकर त्यात गेली, वडिलांचं शिक्षण सातवीत सुटलं, आणि वडिलांच्या तोंडचा कडवटपणा आम्ही भावंडांनी लहानपणभर ऐकला. म्हणजे तीन पिढ्या झाल्याच की. पण हे परिणाम झाले, दोष नव्हे. सातबाऱ्यावर आजोबांच्या कर्जाचा बोजा येतो, आजोबांच्या गुन्ह्यासाठी नातवाला बेड्या पडत नाहीत. आणि आजोबांच्या दारूने पणतवाची वाचा जात नसते.

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर सोडा. पण मग बायबलातला यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय काढा. अख्खा वाचा, पाच मिनिटं लागतात.

यहेज्केल हा बाबेलला, म्हणजे बॅबिलोनला, नेलेल्या लोकांतला. इ. स. पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेतून जी माणसं धरून नेली, त्यांच्यात तो होता. परमुलखात बसून ही माणसं एक म्हण घोळवत होती. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि दात आंबले पोरांचे. माझा मेहुणा एपीएमसीच्या फळबाजारात काम करतो, हंगामाच्या सुरुवातीची द्राक्षं कशी असतात ते त्याला विचारा. दात आंबतात ते खाणाऱ्याचेच. पण त्या लोकांना म्हण सोयीची होती. पाप आजोबांचं, आम्ही बिचारे. यावर देवाचं उत्तर तिसऱ्याच वचनात येतं. ही म्हण यापुढे इस्राएलात चालायची नाही. ज्या देवाच्या नावावर हा मेसेज फिरतोय, त्याने ही बंदी अडीच हजार वर्षांपूर्वीच घातली आहे.

पुढे तर तीन पिढ्यांचा हिशेबच मांडलाय. आजोबा नीतिमान, तो जगेल. मुलगा खुनी, लुबाडणारा, त्याला आजोबांच्या पुण्याईचा उपयोग नाही. नातू बापाचं सगळं पाहतो आणि तसं करत नाही, तर त्याच्यावर बापाचं काहीही येत नाही. मग लोकच विचारतात, मुलाने बापाचा दोष का नाही भोगायचा? हा प्रश्न मला फार ओळखीचा वाटतो. सोडवलं तरी सुटायचं नाही, असं म्हणणारी माणसं तेव्हाही होती. विसाव्या वचनात उत्तर आहे. जो पाप करील त्याचंच ते, मुलावर बापाचं नाही आणि बापावर मुलाचं नाही. हाच नियम न्यायनिवाड्यासाठी बायबलच्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायातही आहे, पण मला एकटा यहेज्केल पुरे.

आणि ज्याला फक्त नवा करार चालतो, त्याने योहानाचा नववा अध्याय उघडावा. जन्मापासून आंधळा माणूस पाहून शिष्य विचारतात, गुरुजी, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणतो, याचंही नाही आणि आईबापांचंही नाही. त्यापुढचं वाक्य, देवाची कार्यं याच्या ठायी दिसावीत म्हणून, हे मला नेहमीच जड जातं. बहिणीला ते मी वाचून दाखवलं नाही. पण अध्याय शेवटपर्यंत वाचला तर आणखी एक गोष्ट सापडते. ‘तू सगळाच पापात जन्मलास’ हे वाक्य त्यात आहे, चौतिसाव्या वचनात, आणि ते येशूचं नाही. ज्यांनी त्या माणसाला बाहेर हाकललं, त्यांचं आहे. मेसेज लिहिणाऱ्याने कुणाचं वाक्य उचललं ते यावरून पाहा.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा आला तेही सांगतो. आमचे पणजोबा गावकुसाबाहेरचे. तू असा जन्मलास कारण मागच्या जन्मी काहीतरी केलं असशील, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलं. चोखामेळ्याच्या नावावरच्या अभंगातसुद्धा ही कबुली आहे, महाराचा जन्म हे पूर्वजन्मीच्या कृष्णनिंदेचं फळ अशी. वाचताना पोटात तुटतं. आमच्या घरात सांगतात की पणजोबा मिशनच्या शाळेत गेले ते अक्षरांसाठी, आणि राहिले ते ‘तुझ्या जन्मात काही पाप नाही’ असं कुणीतरी पहिल्यांदाच म्हणालं म्हणून. आणि आता त्यांच्याच पणतीला, कोपरखैरण्याच्या वन बीएचकेमध्ये, येशूचं नाव घेऊन सांगायचं की तुझ्या पोराच्या जन्मातच खोट आहे? पुढच्या दाराने घालवलेलं मागच्या दाराने घरात?

डॉक्टरांनीही हे पाप केलंय, म्हणून एकट्या मंडळीला दोष देत नाही. ऑटिझमचं पहिलं ठळक वर्णन १९४३ चं, लिओ कॅनर यांचं. त्यानंतरची बरीच वर्षं आईच्या थंडपणामुळे मूल असं होतं, असं मोठमोठे तज्ज्ञ सांगत होते. ते पुढे साफ खोटं ठरलं. तोपर्यंत किती बायकांनी स्वतःला खाल्लं असेल, देव जाणे.

राहिलं आदामाचं रक्त. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल, कारण मेसेजवाल्याने हे हवेतून काढलेलं नाही. प्रेषित पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात म्हणतो की एका माणसाच्या द्वारे पाप जगात आलं. त्या वचनाच्या शेवटी मूळ ग्रीकचा सरळ अर्थ ‘कारण सर्वांनी पाप केलं’ असा आहे. जुन्या लॅटिन भाषांतरात त्याचं झालं ‘ज्याच्या ठायी सर्वांनी पाप केलं’. पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या धर्मपंडिताने या लॅटिनवर पुष्कळ मोठी इमारत उभी केली, आणि पश्चिमेकडच्या मंडळ्या त्याच इमारतीत राहिल्या. आमच्या प्रोटेस्टंट बाजूला १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या लेखी कबुलीत, तर आदामाचा दोष वंशजांच्या खाती मांडला, असं स्पष्ट आहे. मला ते पटत नाही, पण आहे. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या मात्र म्हणतात, आपल्याला वारशाने मरण आणि दुबळेपणा आला, दोष नव्हे. आणि ज्या कॅथलिकांना आपण उठसूट नावं ठेवतो, त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद ४०५ मध्ये लिहिलंय की जन्मपाप हा आदामाच्या कुठल्याही वंशजाचा व्यक्तिगत अपराध नव्हे. थोडक्यात, सगळ्यांत कडक पंथ धरला तरी ते पाप सगळ्या माणसांचं सारखंच. अमुक घरातलं मूल बोलत नाही म्हणजे त्या घराचं जास्त, हे यातल्या एकानेही म्हटलेलं नाही. ते या नंबरवाल्याचं स्वतःचं आहे.

नंबरबद्दल एवढंच. देवाची दया २१०० रुपयांना मिळते असं येशूचा शिष्य पेत्र याला वाटलं नव्हतं. पैसे पुढे करणाऱ्या शिमोनाला तो काय म्हणाला ते ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या आठव्या अध्यायात आहे, इथे लिहिण्यासारखं नाही.

बुधवारी मी अर्धी रजा टाकली, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडली आणि बहीण, भाचा, मी तिघं वाशीला गेलो. थेरपिस्ट बाईंनी दोन आठवडे का बुडवले म्हणून विचारलं. बहीण म्हणाली, "तब्येत बरी नव्हती." कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही. भाच्याने तासभर फुगे फोडले.

मेसेजची शेवटची ओळ सांगायची राहिली. हा संदेश अकरा जणांना पाठवा, न पाठवल्यास शाप दुप्पट. लहानपणी आमच्याकडे देवाच्या नावाची अशी पोस्टकार्डं यायची. तेव्हा धमकी द्यायला पाठवणाऱ्याचे निदान पंधरा पैसे तरी जायचे.