थाळीचे पैसे, शिवाय पोळीचे

आमच्या सोसायटीत टँकरचा खर्च माणशी वाटायचा की फ्लॅटमागे, यावर तीन सभा झाल्या आणि तिसऱ्या सभेत एक खुर्ची मोडली. (ती आधीपासूनच डुगडुगत होती, असं सेक्रेटरींचं म्हणणं.) दिवसा मी पोटासाठी हेच करतो. परदेशातल्या एका बँकेचा मेनफ्रेम, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच अवाढव्य कॉम्प्युटर, आहे. कर्जवाले, कार्डवाले, ठेवीवाले सगळे त्याच्यावरच जगतात. महिनाअखेरीस कोणी किती वापरला ते काढायचं आणि ज्याचं बिल त्याच्या गळ्यात घालायचं. याला चार्जबॅक म्हणतात.

वापराची नोंद मशीन स्वतःच ठेवतं, एसएमएफ नावाच्या रेकॉर्डांत. त्यातल्या टाइप 30 मध्ये प्रत्येक जॉबने, म्हणजे मशीनला दिलेल्या कामाने, किती सीपीयू (प्रोसेसरचा वेळ) खाल्ला ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेलं असतं. आमच्या घरी दूध कॅलेंडरवर मांडतात आणि तरी महिन्याला दोन लिटरचा घोळ होतो, त्यामुळे मी भारावलो. ती फाइल उचलून बिलिंगच्या सर्व्हरवर टाकायची, एवढंच काम. "दोन दिवस," मी मीटिंगमध्ये म्हणालो. जिभेला हाड नसतं.

पहिल्यांदा फाइल टेक्स्ट म्हणून आणली. मेनफ्रेम एबसिडिक बोलतो, सर्व्हर आस्की; अक्षरांना आकडे देण्याच्या या दोन वेगळ्या पद्धती. फाइल पोचवणाऱ्या एफटीपीने मोठ्या मायेने सगळ्याचं भाषांतर केलं, आकड्यांचंसुद्धा. नावं वाचता येत होती, पण एक किरकोळ जॉब कित्येक वर्षं अखंड चालू होता. मग बायनरीत, म्हणजे भाषांतर न करता जशीच्या तशी, आणली. आता आकडे शाबूत, पण नावांच्या शेपटीला ॲट-द-रेटची रांग. एबसिडिकमधली मोकळी जागा म्हणजे हेक्स (सोळाच्या मोजणीतला) 40, आणि आस्कीत 40 म्हणजे ॲट-द-रेट. मी तासभर ईमेल आयडी समजून शोधत बसलो.

"अरे, रेकॉर्ड कुठे संपतो ते तुला कोण सांगणार?" काका म्हणाले. काका म्हणजे आमच्या टीममधले, रिटायरमेंटला आलेले. रेकॉर्डची लांबी सांगणारे पहिले चार बाइट, म्हणजे आरडीडब्ल्यू, एफटीपीने वाटेतच गाळले होते. "आरडीडब्ल्यू घेऊन ये आधी."

आणला. बिल गेलं. रात्री नऊला कर्जवाल्यांचा फोन: आमचं बिल तिप्पट कसं?

"सबटाइप 4 घेतलास?" काकांनी विचारलं.

"हो."

"5?"

"हो."

"2 आणि 3?"

"सगळेच घेतले, काका."

काकांनी चष्मा काढून पुसला. सबटाइप म्हणजे टाइप 30 चे पोटप्रकार. 5 म्हणजे अख्ख्या जॉबची बेरीज, 4 म्हणजे त्याच जॉबच्या एकेका स्टेपची, 2 आणि 3 म्हणजे तोच वापर ठरावीक वेळेच्या तुकड्यांत. "थाळीचे पैसे घेतलेस, वर पोळीभाजीचे लावलेस, आणि घासागणिक परत."

पुढच्या महिन्यात मी शहाणा झालो आणि फक्त 5 घेतला. कर्जवाले गप्प. कार्डवाल्यांचं सगळं सीआयसीएसवर, म्हणजे व्यवहार आला की लगेच हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालतं; मशीनच्या लेखी तो एकच लांबलचक जॉब, आणि तो महिनाभर बंदच झाला नव्हता. जॉब संपल्याशिवाय 5 लिहिला जात नाही. सगळ्यात जास्त मशीन खाणाऱ्यांचं बिल जवळपास शून्य.

त्यांचा फोन आला नाही.

आता 2 आणि 3 ची बेरीज करतो, हिशेब जुळतो. कार्डवाल्यांना मागची थकबाकी तेवढी कळवायची आहे. ते काम काका करणार होते. काका सोमवारपासून रजेवर आहेत.