सेटअप ठेवायचा तर पूर्ण ठेवा

सेटअप (सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर टाकायच्या फाइली) जपून ठेवण्याबद्दलच्या लेखात ते सगळे ‘डाउनलोड्स’मध्येच फोल्डर करून ठेवायला सांगितलंय, ते काही पटलं नाही. विंडोजच्या स्टोरेज सेन्समध्ये (आपोआप जागा मोकळी करणारी सोय) डाउनलोड्स साफ करायचा पर्याय असतो. मुळात तो बंद असतो, पण घरात कुणी जागा मोकळी करायला चालू केला की बरेच दिवस न उघडलेल्या फाइली गुपचूप गायब. (आणि सेटअप आपण एकदाच तर उघडतो!) दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. क्रोम-फायरफॉक्सचा नेहमीचा सेटअप मात्र जपण्यात अर्थ नाही. तो चिमुकला असतो, खरा माल चालवताना नेटवरून ओढतो. ऑफलाइन इन्स्टॉलर, म्हणजे नेटशिवाय चालणारा पूर्ण सेटअप, वेगळा शोधून घ्यावा लागतो. फाइलच्या नावात आवृत्ती आणि ३२ की ६४ बिट एवढं तरी लिहाच, ‘सेटअप (३)’वरून काय डोंबल कळणार?