वरच्या घरातलं पाणी

"घाबरवणार कधी बे हा पिक्चर? पुढच्या गड्ड्याच्या जत्रेला?"

पप्यानं एका वाक्यात निकाल लावला आणि चहावाल्या मामूंना कटिंग सांगितले. ‘डार्क वॉटर’ ग्रुपवर मीच टाकला होता. हिदेओ नाकाताचा, २००२ चा, मूळ जपानी. ‘रिंग’ सगळ्यांनी बघितलेला, त्यामुळं त्याच माणसाचा आहे म्हटल्यावर एकानंही नाही म्हटलं नाही. रविवारी पार्क चौकात जमलो, तर पहिला बार पप्याचाच.

"ती बाई नुसती छताकडं बघायलीय. डाग. डाग मोठा झाला. अजून मोठा झाला. अबे, पेंटर बोलव की! भूत कुठाय?"

"कितीच्या स्पीडवर बघितलास?" बसूनं शांतपणे विचारलं.

"दीडच्या. तरी संपंना."

पप्या जुळे सोलापुरात फ्लॅटचे व्यवहार करतो. गॉगल कायम डोक्यावर, डोळ्यांवर कधीच नाही, आणि बोलताना शेजारच्याच्या मांडीवर सटासट थापा. त्याच्या मोबाईलमध्ये भुताच्या क्लिपांचं वेगळं फोल्डर आहे. कपाट उघडलं, किंचाळी, खलास, पुढची. बसूचं पाइप-नळांचं दुकान बाळीवेशीत, वडिलांच्या वेळेपासूनचं. जुन्या अपार्टमेंटच्या किती गच्च्या त्यानं पालथ्या घातल्यात, त्याचं त्यालाच ठाऊक. भुताच्या पिक्चरवर तो तोंड उघडेल असं मला वाटलं नव्हतं. पण त्या दिवशी कट्टा त्याचाच होता.

"डाग नीट बघितलास का तू? कडंला तपकिरी, मधी ओला. पाणी जिथं गळतंय तिथंच डाग येतोय असं नसतंय. स्लॅबमधनं सळईच्या, वायरच्या पाइपाच्या कडंकडंनं जातंय आन भलतीकडंच निघतंय. फॅनच्या हुकाला, नायतर लाईटच्या पॉइंटला. मग रंगाला फोड. फोड फुटला की पापुद्रे, मग पांढरा खार. ह्याला महिनं लागत्यात. त्या जपान्यानं ते धीरानं दाखवलंय. घाई केली असती तर मी टीव्ही बंद करून जेवायला बसलो असतो."

"म्हणजे प्लंबिंगचा पिक्चर आहे म्हण की!"

"हायेच प्लंबिंगचा. गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडं राहिलं आन लेकरू गेलं. कुणी करणी केली नाय, कुणी खून केला नाय. टाकी साफ करायला आलेला माणूस झाकण न लावता गेला. त्या पोरीची लाल पिशवी पडली, ती काढायला वाकली. बास. एवढ्यावर भूत तयार झालं."

मला यातलं अक्षर न अक्षर पटतं. आपल्याकडं भुताला पडका वाडा लागतो, अमावस्या लागते, कुणीतरी नीच माणूस लागतो. इथं नीच कुणीच नाही. एकानं झाकण लावलं नाही. आई सोडून गेलेली, बाप लक्ष न देणारा. म्हातारा मॅनेजर तक्रार वहीत लिहून घेतो आणि विसरतो, घर देणारा एजंट गोड बोलून काढता पाय घेतो. आणि पोर वर टाकीत असताना खाली सगळी बिल्डिंग तेच पाणी वापरत असते. नळातून केस येतो तेव्हा माझ्या अंगावर आलेला काटा किंचाळीनं कधी आला नाही.

"आपल्या सोलापुरात हा पिक्चर चालायचाच नाय," अंबादास म्हणाला. "छतातनं पाणी पडायलंय म्हटल्यावर आमची आई खाली घागर लावती. वर सांगू नकोस म्हणती, बंद करतील."

मामू किटली हातात धरून हसायला लागले. उजनी काठोकाठ भरू दे नाहीतर मायनसमध्ये जाऊ दे, नळाला पाणी चार-पाच दिवसांनीच, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. अंबादासनं तर पुढं कथाच रचली: त्या पोरीचं भूत सोलापुरात आलं, टाकीत उतरलं, टाकी कोरडी, बिचारी तशीच बसून राहिली पाणी सुटायची वाट बघत.

"पिक्चर म्हणजे ‘भूत’!" पप्याला विषय हातातून जाऊ द्यायचा नव्हता. "२००३. राम गोपाल वर्माचा. ऊर्मिला. एक गाणं नाय. तोपण बिल्डिंगमधलाच की, मुंबईतला फ्लॅट. पण काय टरकवतोय!"

"तुला कसं ठावं?" अंबादास. "इंटरव्हलनंतर तू आत होतास कुठं?"

"गाडीचं पेट्रोल काढायलेत म्हणून कुणीतरी सांगितलं मला."

"लुना माझी. किल्ली तुझ्याकडं. पिक्चर सुटला तर तू पण नाय, लुना पण नाय. मी अशोक चौकापर्यंत चालत गेलो, बारा वाजता, भुताचा पिक्चर बघून!"

हे लुनाचं प्रकरण वीस वर्षं होऊन गेली तरी दर दिवाळीला निघतं. पप्याचं म्हणणं, आई आजारी होती म्हणून गेलो. अंबादासचं म्हणणं, त्याची आई त्या दिवशी अक्कलकोटला होती. मामूंनी दोघांच्या मध्ये भज्यांची प्लेट ठेवली तेव्हा कुठं थांबले.

बसूनं ‘भूत’ला नावं ठेवली नाहीत, हे मला आवडलं. "ऊर्मिलानं जीव ओतलाय त्यात," तो म्हणाला. "आन दुपारचा रिकामा फ्लॅट दाखवलाय, ते झकास. पण मागनं धाडदिशी आवाज काढून घाबरवायचं म्हणजे, पप्या, तू रोज मांडीवर थाप मारतोस तसलंच झालं. दचकतंय माणूस. भ्यालंय असं नसतंय."

यावर अंबादास जे बोलला ते मी घरी जाऊनही घोळवत बसलो. त्याचा यंत्रमागाचा कारखाना. त्याच्या आजोबांपासून सगळ्यांचं आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलेलं, त्यामुळं तो बोलतो तेच मुळी वरच्या पट्टीत.

"आमच्या गल्लीत रात्रपाळीला माग चालू असत्यात," तो म्हणाला. "तान्हं पोरपण झोपतंय त्यात. लाईट गेली, माग थांबलं की सगळी गल्ली जागी. आवाजानं कुणी उठत नाय, आवाज गेला की उठतंय. आई पहिलं विचारती, काय झालं? मला ह्या पिक्चरमधी तसं झालं. नुसता पाऊस आन टपटप. माझा हात आपोआप आवाज वाढवायला गेला, वाढवायला आवाजच नव्हता. मग मी लाईट लावला."

पप्या एवढंच म्हणाला, "कानाला मशीन लावून घे."

मग तोच सापडला. जरा नमतं घेतल्यासारखं करत म्हणाला, "एक सीन भारी होता, मान्य. ती पोरीला घेऊन रोपवेमधनं घर बघायला जाती, खाली नदी..."

"कुठला रोपवे?" बसू.

"सुरुवातीलाच की."

मी बसूकडं बघितलं, बसूनं अंबादासकडं. जपानी पिक्चरमध्ये रोपवे नाही. रोपवे आहे तो २००५ च्या इंग्रजीत, वॉल्टर सालेसच्या, त्यात जेनिफर कॉनेली आहे आणि बिल्डिंग न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट आयलंडवर. म्हणजे हा माणूस इतका वेळ एका पिक्चरला शिव्या घालत होता आणि बघून आला होता दुसराच. नटी गोरी आहे हे तरी कळायला नको?

"मला वाटलं जपानी लोक डब करत्यात!" पप्या ओरडला. "आन काय फरक पडतोय? तिथंपण गळतंय, इथंपण गळतंय!"

फरक पडतो, आणि तो त्याला सांगायला मी चहा बाजूला ठेवला. जपानी पिक्चरमधली आई, योशिमी, स्वतः लहानपणी शाळा सुटल्यावर पावसात आईची वाट बघत थांबलेली आहे. तिचा घटस्फोट चाललाय, पोरीचा ताबा कुणाकडं जाईल याचा घोर लागलाय. नोकरीच्या गडबडीत तिलाही शाळेत पोचायला उशीर होतो, तिची पोर इकुको तशीच थांबते. आणि वरच्या घरातल्या मित्सुकोला तर न्यायला कुणी आलंच नाही. एकाच पावसात थांबलेल्या तीन पोरी आहेत ह्या. हे तुमच्या आत मुरल्याशिवाय शेवटचा लिफ्टचा सीन कळत नाही. योशिमी पोरीला कडेवर घेऊन धावत लिफ्टमध्ये शिरते, बटणं दाबत राहते. समोर लांब बोळ. बोळाच्या टोकाला तिच्याच घराचं दार उघडतं आणि आतून इकुको बाहेर येते. मग कडेवर कोण आहे?

आणि ती बाई कडेवरचं पोर झटकून टाकत नाही. मी तुझी आई, म्हणते. स्वतःची पोर बाहेर हंबरडा फोडत असताना त्या मेलेल्या पोरीची आई होऊन लिफ्टमधून वर निघून जाते. इकुको जिन्यानं वर पळते, लिफ्टचं दार उघडतं आणि आतून नुसतं घाण पाणी. हितोमी कुरोकीचा त्या वेळचा चेहरा बघा. तिला त्या भुताची कणव आलेली असते. डागाची, पिशवीची, टपटपीची सगळी रखडपट्टी याच्यासाठी होती. दीडच्या स्पीडनं कणव येत नाही.

पप्याच्या थापा तेवढ्यापुरत्या थांबल्या.

"आमच्या गावाकडं विहिरीवर आसरा असत्यात, पाण्यातल्या देवी," मामू म्हणाले. "भर दुपारी पोरांना जाऊ देत नव्हते."

"आसरा वेगळ्या, मामू," बसू म्हणाला. "त्यांना ओटी भरली, नारळ दिला की भागतंय. ह्या पोरीला नारळ नको, उचलून घेणारं माणूस पायजे. मुंजाला निदान पिंपळ तरी असतोय. अपार्टमेंटमधी पिंपळ कुठनं आणायचा? तिला टाकी मिळाली."

इथं विषय संपला असता तर बरं झालं असतं. पण पप्याला शेवटचा शब्द आपला लागतो. "खरं सांगू का, गळतीचं लोक लई मोठं करत्यात. वरच्यानं काय मुद्दाम सोडलेलं असतंय का पाणी?"

बसूनं भजं परत प्लेटमध्ये ठेवलं.

तेव्हा अंबादासला आणि मला कळलं की बसूची अक्का राहते पप्याच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये. हा फ्लॅट तिला घेऊन देणारा एजंटही पप्याच. वरच्या नहाणीचा सांधा गेलाय, कोबा परत करावा लागेल, हे बसूनं दिवाळीच्या आधी स्वतः जाऊन सांगितलेलं. तेव्हापासून पप्याचं "बघू की" चाललंय. अक्काच्या देवघरावर डाग आलाय आणि परवा त्यातून समईवर थेंब पडला.

"तो डाग अगरबत्तीचा हाय!" पप्या.

"अगरबत्ती टपकती काय बे?"

अंबादास बोटं मोडायला लागला. "फ्लॅट विकणारा एजंट हा. बघू की म्हणणारा मॅनेजर हा. वरचा मालक पण हाच. अबे पप्या, सगळा पिक्चर एकटा करायलास की तू! तरी म्हणायलास भूत कुठाय?"

"भूत नसंल," बसू म्हणाला, "पण अक्का वर यायच्या बेतात हाय."

मामूंच्या हातातला ग्लास हिंदकळला. पप्यानं आधी खर्च निम्मा-निम्मा करू म्हणून बघितलं, मग पावसाळ्यानंतर करू म्हणाला, मग नवीन फरशीचा रंग मिळत नाही म्हणाला. बसूनं एकाही गोष्टीला उत्तर दिलं नाही, फक्त ओळखीच्या गवंड्याचा नंबर लावून फोन स्पीकरवर त्याच्यापुढं धरला. पप्या नहाणीचं माप सांगत होता आणि आम्ही मागून ओरडत होतो, भूत आहे म्हण, भूत आहे म्हण.

गवंड्यानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "भूत असंल तर हजेरी डबल पडंल मालक. आन झाकण तुमचं तुम्ही लावायचं."

पिक्चर त्यानंही बघितला होता.